वळणावर न लागलेला दिवा

१

"फ्यूजला शिव्या देऊन काय मिळणार, जानकी? तो तर मेला बिचारा. त्याला मारलं कुणी, ते शोध. आणि माणसाकडे बोट दाखवायची वेळ आलीच, तर सगळ्यात शेवटी दाखव."

गोवर्धन मास्तरांना जाऊन बरीच वर्षं झाली, तरी कुठल्याही गाडीचं बॉनेट उघडलं की जानकीबाईंच्या कानाशी हा आवाज यायचाच. जव्हारच्या बाजारात मास्तरांचं ऑटो इलेक्ट्रिकचं दुकान होतं. तिथल्या स्टुलावर बसून त्या तारा जोडायला शिकल्या, आणि आता आयटीआयमध्ये पोरापोरींना तेच शिकवत होत्या. पण त्या श्रावणी सोमवारी, मोखाड्याच्या पोलीस ठाण्याच्या आवारात उभ्या असलेल्या जीपसमोर तो आवाज जरा जास्तच जवळून आला. सगळा गाव ज्याच्याकडे बोट दाखवत होता, तो मास्तरांचाच मुलगा होता. सुदर्शन.

झालं ते असं. वांगणीचा पुंजा ही जीप चालवायचा, जव्हार ते मोखाडा, माणसं भरून. आदल्या आठवड्यात घाटात धुकं इतकं दाट की पुढच्या गाडीचे लाल दिवे धरूनच मागचा माणूस उतरायचा. एका वळणावर गुरं आडवी आली. पुंजानं ब्रेक दाबला, जीप थांबली. मागून मोटरसायकलवर गौतम येत होता, आश्रमशाळेतला शिक्षक, सूर्यमाळचा. तो थांबला नाही. जीपचे मागचे ब्रेकचे दिवे लागलेच नव्हते. गौतम जागीच गेला.

आणि त्याच्या आदल्याच दिवशी सुदर्शननं त्या जीपच्या ब्रेकचा स्विच बदलून दिला होता.

"सरळ आहे ना मॅडम," हवालदार चैतन्य म्हणाला. पोलिसांनी आयटीआयकडून मत मागवलं होतं, म्हणून तो सोबत उभा होता. "दिव्यांचा फ्यूज उडालेला सापडला. आम्ही नवा घातला, दिवे लागले. म्हणजे आदल्या दिवशीचं काम कच्चं."

"उडालेला फ्यूज ठेवलाय?"

त्यानं पाकीट उघडून तळहातावर धरलं. जानकीबाईंनी चष्मा वर केला. फ्यूजच्या काचेला आतून काळं-चंदेरी किटण चढलं होतं.

जरा जास्त भार झाला तर आतली तार मधोमध वितळते, काच स्वच्छ राहते. काच अशी काळी होते ती एकाच कारणानं. ब्रेक दाबलेला असताना कुठली तरी उघडी तार थेट गाडीच्या पत्र्याला लागली होती.

पण कुठली? बाईंनी पेडल दाबून ठेवलं, चैतन्यनं मागं जाऊन हाक दिली, "लागले!" त्यांनी तारांचा जुडगा हलवून पाहिला, पेडलवरचा नवा स्विच मीटरनं तपासला, मागच्या दिव्यांपर्यंत बोटानं तार चाचपत गेल्या. सगळं ठणठणीत. चोर घरात शिरला, खून करून गेला आणि जाताना कडीही लावून गेला, असली तऱ्हा.

फाटकापाशी एक बाई कडेवर मुलगी घेऊन उभी होती. गौतमची बायको, निशा.

"तुम्हीच ना त्या तपासायला आलेल्या?" ती म्हणाली. "त्या सुदर्शनला सोडू नका ताई. माझ्या बाळीचा बाप गेला. काय निघेल ते मला आधी सांगायला या. फोनवर नको. दुसऱ्या कुणाच्या तोंडून नको. याल?"

"येईन," जानकीबाई म्हणाल्या. बाळीनं त्यांच्या पदराचं टोक धरलं होतं, ते हळूच सोडवून घेताना शब्द तोंडातून निघूनच गेला. तो किती जड आहे हे तेव्हा कुठं ठाऊक होतं.

२

सुदर्शनच्या दुकानाचं शटर अर्धं खाली होतं. एरवी दारात रांग असायची. आता एक कुत्रं तेवढं झोपलं होतं.

"या ताई," आतून त्याची बायको दीप्ती म्हणाली. "तुम्ही तरी आलात. काल एक जण बॅटरी परत मागायला आला, चार्जिंग अर्धं झालेलं असताना. म्हणे, तुझ्या नवऱ्याचा हात लागलेली नको."

"दीप्ती, राहू दे," सुदर्शन म्हणाला. दाढी वाढली होती. "बोईसरला कारखान्यात जागा आहे म्हणतात. जाईन तिकडे. इथं आता मला कोण तार जोडू देणार?"

"ते नंतर. आधी सांग, पुंजा आला तेव्हा काय झालं होतं?"

"दिवे लागत नाहीत म्हणाला. फ्यूज गेलेला होता. नवा घातला, दिवे लागले. मालकानं, सौरभशेठनं, नवा स्विच पाठवला होता, तोही बसवला. संध्याकाळपर्यंत गाडी इथंच होती. मी शंभरदा पेडल मारलं असेल ताई. एकदा चुकलं नाही."

"तुझ्याकडे आला तेव्हाचा तो फ्यूज आठवतो? काच कशी होती?"

सुदर्शननं डोळे मिटले. मग त्याचा चेहराच उतरला.

"काळी," तो म्हणाला. "आतून काळी होती."

भिंतीवर मास्तरांचा फोटो होता, हार सुकलेला.

"म्हणजे दोन्ही फ्यूजचा खून एकाच तऱ्हेनं," जानकीबाई हळू आवाजात म्हणाल्या. "आणि पहिल्या वेळी तू खुनी शोधला नाहीस."

"दारात चार गाड्या उभ्या होत्या ताई. दिवे लागले, मला वाटलं झालं." त्यानं फोटोकडे पाहिलं नाही. "बाबा असते तर कानाखाली ओढली असती."

पण एक गोष्ट बाईंच्या मनात रुतून बसली. दोष घाटात होता. दुकानात दिवसभर नव्हता. पुन्हा घाटात आला. ठाण्याच्या आवारात पुन्हा नाही. असा कुठला दोष, जो गॅरेज दिसलं की गाडीतून उतरून जातो?

३

सौरभशेठचं हार्डवेअरचं दुकान होतं, आणि जीप त्याच्या चार धंद्यांतला एक धंदा.

"स्विच मीच पाठवला," तो काउंटरवरूनच म्हणाला. "का, त्यात काही?"

"लोक म्हणतात, शेठनं हलका माल दिला."

"लोकांच्या तोंडाला काय, झाकण आहे?" त्याचा आवाज चढला. "मी माझ्या गाडीत हलका माल घालीन? माझी आई बसते त्या जीपमध्ये!"

"स्विच चांगला आहे," बाई म्हणाल्या. "मी मोजून पाहिला."

सौरभचा सगळा ताव गेला. त्यानं नोकराला पाणी आणायला पाठवलं, आणि तो लांब गेल्यावर काउंटरवर वाकला.

"मॅडम, एक सांगू? पोलिसांना बोललो नाही मी. पुंजा आमच्याकडे वडलांच्या वेळेपासून आहे, वाईट वाटतं. पण अपघात कळल्यावर मी पोलिसांच्या आधी पोचलो तिथं. पुंजा जीपमधून काहीतरी काढत होता. खाली पेडलपाशी हात घालून ओढलं, लाल फडक्यात गुंडाळलं आणि कुणाच्या तरी हाती घरी पाठवून दिलं. मी विचारलं तर म्हणाला, शेठ, आता हात नका लावू."

"पेडलपाशी?"

"हो ना. तिथं काय असतं हो?"

तिथं ब्रेकचा स्विच असतो. जानकीबाईंनी पाणी न पिताच ग्लास खाली ठेवला. पुंजाला त्या वीस वर्षं ओळखत होत्या. रस्त्यात मुंगळ्यांची रांग दिसली तरी चाक वळवणारा माणूस.

४

अपघाताच्या वेळी पुंजाच्या शेजारी पुढच्या सीटवर धोंडीबाई बसली होती. जामसरची. लेकीकडे चालली होती. भाताच्या खाचराच्या बांधावर ती गवत कापताना सापडली.

"आजी, पोलिसांना काय सांगितलंत?"

"काय सांगू बाय? मी सांगलं, ते हसले." तिनं विळा बांधावर ठेवला. "येक जण म्हंगं, म्हातारे, आमाला गाडीचं सांग, देवाचं नको. मंग मी गप रायली."

"मला सांगा. मी नाही हसणार."

धोंडीबाईनं त्यांच्याकडे नीट बघून घेतलं. माणूस तोलून पाहावं तसं.

"पुंजाचे गाडीत महालक्षीमी व्हती ना? डहाणूची आई. काचंपाशी. पुंजानं ब्रेक मारला का आई डोलं उघाडं. लखलख करं. मी नेहमी हात जोडं, दर वळणाला. त्या दिशी पयल्या वळणाला उघाडलं, दुसऱ्याला उघाडलं. मंग गाडी दगडावरनं धाडकन उडाली. त्याचे फुडं गुरं आली, पुंजानं ब्रेक मारला." तिचा आवाज खाली गेला. "आईनं डोलं उघाडलंच नाय. मी हात जोडून तशीच. आन मंग मागून त्यो आवाज आला."

जानकीबाई बांधावर तिच्याशेजारी बसल्या.

"आई रुसली का गं बाय?" म्हातारीनं विचारलं. "का रुसली आसंल?"

"आई रुसत नाही, आजी," जानकीबाई म्हणाल्या. त्यांचे डोळे भरून आले होते, कारण आता सगळं दिसत होतं. "तुम्ही अगदी खरं तेच सांगितलंत. तुमच्या इतकं खरं कुणीच सांगितलं नाही."

५

गुरुवारी त्यांनी पुंजाला ठाण्याच्या आवारात बोलावलं. निरोप एवढाच: देवीला घेऊन ये.

तो आला. अपघातानंतर त्यानं गाडीला हात लावला नव्हता. छातीशी लाल फडक्यातलं गाठोडं धरून चालत होता, तान्हं मूल धरावं तसा.

"पुंजा, ही गाडीतून का काढलीस?"

"मयताची गाडी झाली ना बाई. तिच्यात आईला कशी बसवू?" त्याला प्रश्नच कळला नव्हता. "घरी देव्हाऱ्यात ठेवली."

"आणि सुदर्शनकडे गाडी नेलीस तेव्हा?"

"तेव्हा पण घरी ठेवली. नेहमीच ठेवतो. गॅरेजात लोक चपला घालून चढतात, तिथंच डबा खातात, मटण-मच्छी काय पण. आई तिथं बरी दिसते का?"

चैतन्यनं कपाळाला आठ्या घातल्या. "पण पुंजा, आम्हाला का नाही बोललास?"

"तुम्ही विचारलं का साहेब? गाडीचं काय काय काढलं, विचारलं. देवी काय गाडीचा पार्ट आहे?"

खरंच होतं. त्या रस्त्यावर देवाशिवाय जीप नसते, आणि कुणी त्याला सामान म्हणून मोजतही नाही.

जानकीबाईंनी फडकं उघडलं. काचेची तसबीर, भोवती बारीक दिव्यांची माळ, मागून निघालेली दोन पदरी तार. त्यांनी आधी हात जोडले आणि मग तार बोटांतून सरकवत गेल्या. वीतभर अंतरावर बोट थांबलं. वरचं प्लॅस्टिक घासून गेलं होतं, आतलं तांबं उघडं पडून त्यावर वितळलेला एक काळा मणी तयार झाला होता.

"डॅशबोर्डच्या पत्र्याला भोक तूच पाडलंस?"

"हो. तार खाली न्यायला."

"भोकाच्या कडेला रबर लावलं नाहीस."

"कसलं रबर, बाई?"

त्यांनी तसबीर तिच्या जागी ठेवली. धुळीत तिचा चौकोन अजून तसाच कोरा होता, कडेला हळदकुंकवाचे कण. तार भोकातून खाली सोडली. तो काळा मणी बरोबर पत्र्याच्या धारेपाशी आला. त्या धारेवरही तसाच एक जळका ठिपका होता, मोहरीएवढा, पत्र्याच्या रंगात लपलेला. पेडलवर स्विचमधून दिव्यांकडे जाणाऱ्या तारेवर चिकटपट्टीचा तुकडा होता. तो सोलला तर आत उघडं तांबं. सुदर्शननं तो पाहिला असेल आणि जुनी दुरुस्ती समजून सोडून दिला असेल; सोमवारी त्यांनी स्वतःही तेच केलं होतं. बाईंनी तिथं देवीच्या तारेचं एक टोक अडकवलं, दुसरं गाडीच्या पत्र्यातल्या स्क्रूला.

"दाब, पुंजा."

पुंजा बिचकत आत बसला, पेडल दाबलं. महालक्ष्मी लखलखली. मागून चैतन्य म्हणाला, "लागले!"

"तसाच दाबून ठेव." जीप दगडावरून उडते तेव्हा जेवढी हलेल, तेवढीच त्यांनी तसबीर हलवली.

टिक.

फ्यूज उडाल्याचा केवढासा आवाज तो. देवी विझली.

"मॅडम," मागून चैतन्यचा आवाज आला, एकदम पडलेला. "दिवे गेले."

पुंजाचा पाय पेडलवरच होता. तो देवीकडे बघत होता, मग तारेकडे, मग स्वतःच्या हातांकडे. या हातांनी भोक पाडलं होतं. गॅरेजला जायच्या आधी याच हातांनी दर वेळी ती तार सोडवून नेली होती, आणि तिच्याबरोबर दोषही उचलून नेला होता, भक्तिभावानं, फडक्यात गुंडाळून. सुदर्शनसमोर दोष कधी आलाच नाही.

"म्हणजे मी," तो म्हणाला. त्यानं पेडलवरून पाय काढला.

६

चैतन्यनं चहा मागवला. कुणी प्यायला नाही.

"सुदर्शन सुटला," चैतन्य म्हणाला. "बाहेरची जोडलेली तार पत्र्याला लागून फ्यूज गेला, असं लिहितो. अजाणता झालेलं काम आहे. पुंजाचं काय ते साहेब बघतील, पण मन वाईट नव्हतं एवढं तर मीच सांगेन."

"माझं काय व्हायचं ते होऊ दे साहेब," पुंजा पायरीवर बसला होता. "पण 'बाहेरची तार' एवढंच लिवा. देवीचं नका लिवू. पाया पडतो."

"का रे? देवीला कोण आरोपी करतंय?"

पुंजानं जानकीबाईंकडे पाहिलं. "बाई, ही देवी कुणी दिली माहीत आहे?"

त्यांना माहीत नव्हतं. पण त्याच्या तोंडाकडे बघताच, त्यानं सांगू नये असं त्यांना वाटलं.

"निशानं दिली. गौतम मास्तरच्या निशानं. बाळीच्या वेळी ती अडली होती. सूर्यमाळवरनं मी जीप खाली आणली, पाऊस असा की काच दिसत नव्हती. दवाखान्याच्या दारात पोचलो आणि पोर जन्मली. तिनं नवस बोललेला. चैत्रात महालक्ष्मीच्या जत्रेला दोघं गेली, मास्तर आणि ती, आणि ही घेऊन आली. निशानं स्वतः बसवली काचेपाशी. मी म्हटलं, दिवा चावीवर जोडतो, सारखा चालू राहील. तर ती म्हणाली, नको काका. घाटात तुम्ही ब्रेक दाबाल ना, त्या वेळेला आई जागी असू द्या. तेव्हाच खरी गरज असते."

चैतन्यनं हातातला कप पायरीवर ठेवला.

"आणि मास्तर कायम माझ्याच मागं गाडी ठेवायचा," पुंजा म्हणाला. "म्हणायचा, पुंजाकाका, तुमच्या पुढं आई आणि तुमच्या मागं मी. मला कसली भीती?"

जानकीबाईंनी पदरानं डोळे पुसले नाहीत. पाणी तसंच वाहू दिलं. बोट शेवटी दाखव, गोवर्धन मास्तर म्हणाले होते. आज शेवट आला होता, आणि बोट दाखवावं असं कुणीच उरलं नव्हतं. एकानं घाईत फ्यूज बदलला. एकानं पत्र्याच्या भोकाला रबराचं कडं लावलं नाही, कारण त्याला ते कुणी शिकवलंच नव्हतं. एकीनं दुसऱ्याच्या घाटासाठी देव मागितला होता.

"मॅडम, तुम्ही कशाला जाताय आता तिला सांगायला?" चैतन्य हळूच म्हणाला. "कागद होईल, पोचेल तिच्याकडे. 'बाहेरची तार.' तिला कळणारही नाही."

"कळेल," जानकीबाई म्हणाल्या. "आज नाही तर बाळी मोठी झाल्यावर. देवी कुठं गेली म्हणून ती पुंजाला विचारेल, आणि पुंजाला खोटं बोलता येत नाही. आणि तोवर ती सुदर्शनला शिव्या देत राहील, ते पाप कुणाच्या माथी?"

त्यांचा फोन वाजला. दीप्ती होती. "ताई, काही कळलं का? हे बॅग भरतायत. पहाटेच्या गाडीनं बोईसरला निघतो म्हणतायत."

एका शब्दात त्या घरात दिवा लागला असता. तो शब्द ओठांवर आलाही. पण आधी मला, असं कुणीतरी कडेवर लेकरू घेऊन म्हणालं होतं.

"त्याला म्हणावं, पहाटे जाऊ नको," त्या म्हणाल्या. "मी सकाळी येते. आज मला एके ठिकाणी आधी जायचंय."

त्यांनी देवीची तार सोडवली, नीट गुंडाळली, तसबीर लाल फडक्यात बांधली.

"बाई, ती मला द्या," पुंजा उठला. "तार मी जोडली होती. मी येतो."

"आज नको रे. आज तुला बघून ती तुलाच धरेल, आणि तू धरू देशील. उद्या ये. उद्या तिला रडायला ओळखीचं माणूस लागेल." मग थांबून म्हणाल्या, "देवी मात्र तू ने. देव्हाऱ्यात ठेव. तिचा दिवा लाव, साधा, तेलाचा."

सूर्यमाळच्या रस्त्याला धुकं उतरायला लागलं होतं. काय सांगायचं हे त्यांचं ठरलं होतं: सगळं. कसं सांगायचं ते ठरलं नव्हतं. तुझी श्रद्धा चुकली नाही पोरी, तारेला आडोसा नव्हता, हे वाक्य त्यांनी मनात दोनदा म्हणून पाहिलं आणि दोन्ही वेळा ते अर्ध्यात तुटलं.

फाट्यावर वर जाणारी एक जीप उभी होती. पुढच्या सीटवर जागा होती. काचेपाशी कुठल्याशा देवाचा दिवा मिणमिणत होता.

जानकीबाई चढल्या. बसल्याबरोबर त्यांनी सवयीनं त्या देवाला हात जोडले. मग खाली वाकून, ड्रायव्हरला कळणार नाही अशा बेतानं, पत्र्यातून जाणाऱ्या तारेवरून एकदा बोट फिरवलं, आणि पदर सावरून म्हणाल्या, "सूर्यमाळ. सावकाश घ्या हं, दादा."